हनुवटीखालचं वळण

बाबांची दाढी वाढायला लागली आणि घरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

दुसऱ्या कुणाची वाढली असती तर कुणी ढुंकूनही बघितलं नसतं. पण ज्या माणसाने उभा जन्म लोकांच्या दाढ्या केल्या, जो आजारपणातसुद्धा रोज सकाळी मुलापुढे गाल धरून बसायचा, त्याच्या हनुवटीवर पांढरं जंगल उगवलं होतं आणि तो त्यावर एक अक्षर बोलत नव्हता. विचारलं तर म्हणायचा, “थंडी वाजते. असू दे.” उन्हाने डोकी तापली होती आणि म्हणे थंडी!

खरं कारण घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मुलाचा हात थरथर कापायला लागला होता.

बाबांना मुलं दोन. थोरली लोखंड कातायचं लेथ चालवायची आणि धाकटा वस्तरा. थोरलीला कारखान्यात सगळे ‘केसभर’ म्हणत. एखादा दांडा सोलून झाला की ती तो बोटांत फिरवायची आणि मान हलवायची, “केसभर जाड आहे.” मापाचं गेज लावलं की बहुतेक वेळा खरं निघायचं. नाही निघालं तर गेज बिघडलंय म्हणायची. बाई स्वभावानेच तशी होती. हार मानायची तिला सवय नव्हती, आणि ती सवय लावायला जाण्याची कुणाची छाती नव्हती.

हा शब्द तिने बापाच्या सलूनमधून उचलला होता. दोन खुर्च्या, दोन आरसे आणि भिंतीला लागून एक लांब बाकडं, एवढंच ते दुकान. लहानपणी ती तिथे केस झाडायची, टॉवेल वाळत घालायची, फेसाच्या वाट्या धुवायची. वस्तरा मात्र बाबांनी तिच्या हाती कधी दिला नाही. “पोरीच्या हाताखाली मान कोण देणार?” एवढंच म्हणाले, आणि वस्तरा धाकट्याला मिळाला. तिला ते लागलं होतं, अगदी आतपर्यंत लागलं होतं. म्हणून ती लोखंड सोलायला गेली. सोलणारा बाप्या आहे की बाई, हे लोखंडाला थोडंच कळतं!

पण भावावर तिचा राग कधीच नव्हता. तो बिचारा गरीब स्वभावाचा. बाबांनी त्याला फुग्यावर शिकवलं. फुगवलेल्या फुग्याला फेस फासायचा आणि वस्तऱ्याने तो असा उतरवायचा की फुग्याला कळता कामा नये. फुगा फुटला की कानाखाली एक बसायची. आणि बाबांचा एक दंडक होता: गिऱ्हाईकाचं डोकं हलवायचं नाही. गालावरून जबड्याखाली उतरताना आपलं मनगट फिरवायचं, माणसाला हात लावायचा नाही. “माणूस खुर्चीत झोपला पाहिजे,” ते म्हणायचे. “नारळासारखा फिरवलास तर झोपेल कसा?” पोराने चुकून कुणाची हनुवटी बोटाने वळवली की बाकड्यावरून खाकरल्याचा आवाज यायचा. वय वाढलं, बाबांनी वस्तरा खाली ठेवला, ते बाकड्यावर बसायला लागले, तरी ते खाकरणं काही सुटलं नाही.

भावाचा हात आधी चहाच्या कपावर थरथरला, मग कात्रीवर. मग एक दिवस रोजच्या गिऱ्हाईकाच्या कानाच्या पाळीला वस्तरा लागला. रक्त थेंबभर. तो माणूस भला होता, हसून “असू दे” म्हणाला, आणि पुन्हा दुकानात आला नाही. डॉक्टर म्हणाले, दुखणं जिवावरचं नाही, पण जाणारंही नाही. गोळ्यांनी हात जरा थांबायचा, पण डोळे मिटायला लागायचे. झोपाळलेल्या माणसाच्या हातात वस्तरा कोण देईल?

त्या कानाच्या दिवसापासून बाबा खुर्चीत बसले नव्हते.

“ताई, मी दुकान बंद करतो,” भाऊ तिला एका संध्याकाळी म्हणाला. हात त्याने मांडीखाली दाबून धरला होता. “बाबांनीच खुर्ची सोडली. बापालाच भरवसा नाही, तर लोकांनी का ठेवायचा?”

“बंद करून काय करणार?”

“माहीत नाही गं. मला दुसरं येतं काय?”

त्याच्या आवाजाने तिच्या काळजाचं पाणी झालं. पण दाखवील तर ती केसभर कसली! “गप बस,” ती म्हणाली. “मी बघते.” काय बघणार होती ते तिलाही ठाऊक नव्हतं.

ते सुचलं दुसऱ्या दिवशी, ग्राइंडर हातात असताना. ज्याने चालू ग्राइंडर धरलाय त्याला माहीत असतं: चकती फुल वेगात असली की हत्यार आपल्या जागी ठाम बसतं, धक्का दिला तरी सहज कलत नाही. बंद केलं की तेच हत्यार हातात लुळं पडतं. ती ग्राइंडर चालू करून, बंद करून, पुन्हा चालू करून बघत राहिली. शेजारचा फिटर म्हणाला, “अगं, काम कर, खेळतेस काय?” तिने ऐकलंच नाही. फिरणारं चाक कलायला नकार देतं. मग एक बारीक चाक भावाच्या हाताच्या पाठीवर बांधलं तर? हात कापायला गेला तर चाक त्याला कापू देईल का?

तिने पितळेची एक चकती कातली, मध्ये दांडा बसवला. ड्रिलने गरगर फिरवून दांड्याचं एक टोक दोरीच्या फासात अडकवलं आणि हात सोडला. चकती खाली पडायला हवी होती. ती पडली नाही. दांडा आडवाच्या आडवा ठेवून दोरीभोवती सावकाश गोल गोल फिरत राहिली. जेवणाच्या सुट्टीत चार जण भाकरी हातात धरून बघत उभे राहिले.

आता जितकं हे फिरणं सावकाश, तितकं चाक हट्टी, हे तिच्या लगेच ध्यानात आलं. मग हट्ट वाढवायचा कसा? सोपं आहे, वजन वाढवायचं! दुप्पट जाडीची चकती कातली, तेवढ्याच वेगाने फिरवली, टांगली. आणि काय? पहिली फिरत होती तशीच, तितक्याच चालीने ही पण फिरली. तिला वाटलं ड्रिल मंद पडलं. ड्रिल बदललं. तेच. दोरी बदलली. तेच! दिवसभर ती कुणाशी धड बोलली नाही.

घरी भात वाढताना तिचा हात मध्येच थांबला. “अहो,” ती नवऱ्याला म्हणाली, “चाक दुप्पट जड केलं तर त्याला खाली ओढणारं वजनही दुप्पटच झालं ना! हट्ट वाढला तेवढीच ओढ वाढली. फिटंफाट.”

नवरा घरं रंगवायचा, चाकांशी त्याचा संबंध सायकलपुरता. तो म्हणाला, “बरोबर आहे. भात वाढ.”

दुसऱ्या दिवशी तिने वजन वाढवलं नाही, जागा बदलली. चकतीचं पोट कोरून काढलं, तीन बारीक आरे ठेवले आणि सगळं पितळ कडेला, रिंगणात ठेवलं. चाक पहिल्यापेक्षा हलकं झालं. टांगलं, तर इतकं सावकाश फिरायला लागलं की बघणाऱ्याला वाटावं, थांबलंय की काय. वजन कमी आणि हट्ट जास्त. कडेचं वजन लांबचा फेरा घेत पळतं, मधलं नुसतं जागच्या जागी गिरकी मारतं. कामाचं ते कडेचंच. तिला आनंदाने ओरडावंसं वाटलं. ती ओरडली नाही, पण त्या दिवशी फिटरला स्वतःहून चहा पाजला, आणि फिटर घाबरला.

मोडलेल्या हेअर ड्रायरमधली मोटर, पितळेचं रिंगण, वरून पत्र्याचं झाकण, खाली चामड्याचा पट्टा, आणि कोपरापर्यंत बांधलेली वायर. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, शटर अर्धं ओढून, तिने ते भावाच्या हातावर चढवलं. बाबा घरी झोपले होते. नवऱ्याला फुगे फुगवायला बसवलं होतं, कारण छाती त्याची मोठी आणि काम दुसरं नव्हतं.

चाकाने सूर धरला आणि भावाचा हात थांबला.

खरंच थांबला. तिघांच्या डोळ्यांदेखत, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, वस्तऱ्याचं पातं हवेत स्थिर राहिलं. भाऊ आपल्याच हाताकडे परक्यासारखा बघत राहिला. “ताई...” एवढंच म्हणाला.

“कौतुक नंतर. फुगा घे.”

फेसाळलेल्या फुग्यावर वस्तरा चालायला लागला. गालाची बाजू उतरली, स्वच्छ. जबड्यापाशी आला, भावाने सवयीने मनगट फिरवलं, आणि फट्! फेस सगळ्यांच्या तोंडावर.

“घाई केलीस,” ती म्हणाली. दुसरा फुगा. गाल नीट, जबड्यापाशी फट्. तिसरा. पुन्हा तिथेच. नवरा डोळ्यातला फेस पुसत म्हणाला, “तुझ्या भावाला फुगे फुगवून द्यायला माझी छाती बरी, गळा द्यायला नको.” कुणी हसलं नाही. तो बिचारा गुपचूप पुढचा फुगा फुगवायला लागला.

भावाने पट्टा सोडायला घेतला. चेहरा पार उतरला होता. “राहू दे ताई. हा फुगा होता. माणसाचा गळा असता तर?”

“सोडू नकोस! पुन्हा घे, पण सावकाश. मला बघू दे.”

ती गुडघ्यावर बसली, डोळे त्याच्या मनगटाशी नेले. आणि तिला दिसलं. हात कापत नव्हता. त्याने मनगट कुशीवर फिरवलं होतं, नुसतं फिरवलं होतं, आणि चाकाने हाताला पुढे, खाली, पात्याच्या दिशेने ढोसलं होतं. वळवायचं एकीकडे आणि ढकललं जायचं भलतीकडे. अरे देवा! चालू ग्राइंडर झटकन वळवला की तो असाच अंगावर येतो. आयुष्यभर ग्राइंडर धरलेल्या बाईला हे आठवू नये? हात थांबवायच्या हौसेने तिने रिंगण होता होईल तेवढं हट्टी केलं होतं, आणि जितका हट्ट मोठा तितकाच हा धक्काही मोठा. तिने स्वतःच्या हाताने भावाच्या मुठीत एक अडेलतट्टू बसवलं होतं, आणि ते गळ्यापाशीच उधळत होतं.

सरळ माणसावर वापरून बघितलं असतं तर? त्या विचाराने तिला रात्री दोन घास गेले नाहीत.

पण हार मानायची सवय नव्हती ना. रिंगण तिने जरा बारीक केलं: हात थांबेल इतकं हट्टी ठेवलं, त्याहून जास्त नाही. आणि चाक हाताला घट्ट न बसवता एका बिजागरीवर बसवलं, तिचा कणा हाताच्या लांबीत, दोन्हीकडून रबराचे ताण. आता मनगट फिरलं की चाक बिजागरीत कलायचं आणि हाताला ढोसायचं नाही. बारीक वळणं ते गिळून टाकायला लागलं. मात्र मोठं वळण घेतलं की बिजागरी कडेला टेकायची, आणि टेकली की धक्का होताच. जबड्याखालचं वळण मोठं होतं. कितीही खटपट केली तरी ते मोठंच राहिलं.

“मग मनगट फिरवायचंच नाही,” ती म्हणाली. “तू खुर्चीभोवती फिर. आणि तिथे आलास की डाव्या हाताने माणसाची हनुवटी वळव.”

भावाने रिकाम्या बाकड्याकडे बघितलं. म्हणाला, “बाबांसमोर?”

“बाबांचा दंडक स्थिर हातासाठी होता रे.”

“मला जमणार नाही ताई. इतक्या वर्षांची सवय. हात आपोआप वळतो.”

त्याने फुग्यांवर सराव केला. जमायला लागलं, पण दहातला एखादा फुटायचाच, आणि तो कुठला ते आधी कळायचं नाही. त्याचं म्हणणं एकच: जिवंत माणसावर मी हात टाकणार नाही. नवरा म्हणाला, “मी बसतो की,” आणि म्हणताना त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. भाऊ म्हणाला, “नाही भावोजी. तुमच्या पाया पडतो, नाही.” त्याचं चुकत कुठे होतं?

पुढच्या सुट्टीच्या सकाळी शटर खालून कुणीतरी ठोठावलं. बाबा होते. काठी टेकत, वाकून आत आले. जमिनीवर फुटलेल्या फुग्यांच्या चिंध्या, भावाच्या हातावर ते यंत्र, लेकीच्या कपाळावर फेस. त्यांनी सगळं बघितलं आणि कुणाला काही विचारलं नाही. बाकड्याकडे गेले नाहीत. सरळ खुर्चीत जाऊन बसले आणि मान मागे टाकली.

“फेस लाव,” म्हणाले.

“बाबा, नको,” भाऊ म्हणाला. “अजून नीट जमत नाही. बाबा, लागेल.”

“लाव म्हटलं ना.”

त्याने फेस लावला. तिने मोटर चालू केली. चाकाने सूर धरला, पातं स्थिर झालं. दुकानात तेवढा एकच आवाज.

उजवा गाल उतरला. भाऊ खुर्चीला वळसा घालून गेला, डावा गाल उतरला. पांढरे केस फेसाबरोबर टॉवेलवर पडत होते आणि खालून बाबांचा ओळखीचा चेहरा परत येत होता. आता जबडा. म्हाताऱ्या माणसाची कातडी ती, फुग्यापेक्षा पातळ, आणि खाली निळी शीर उडताना दिसत होती.

भावाचा डावा हात उचलला गेला, बाबांच्या हनुवटीला जेमतेम शिवला, आणि थबकला. बापाचं तोंड हाताने वळवायचं? याच माणसाने कानाखाली मारून शिकवलं होतं की वळवायचं नाही. डावा हात मागे आला. आणि उजवं मनगट, इतक्या वर्षांचं शिकलेलं, आज्ञाधारक मनगट, आपोआप फिरायला लागलं.

तिला दिसलं. बिजागरी कलली, आणखी कलली, कडेला टेकायला आली. ओरडली असती तर बाबा दचकले असते. हात धरला असता तर पातं आत गेलं असतं. तिला काही म्हणजे काहीच करता येत नव्हतं.

आणि बाबांनी मान वळवली.

आपणहून, हळूच, डोळे मिटलेलेच. हनुवटी वर केली आणि गळा मुलाच्या पात्यासमोर असा आणून ठेवला की मनगट फिरवायची गरजच उरली नाही. भावाचं मनगट थांबलं, सरळ झालं. चाक आपल्या सुरात राहिलं. वस्तरा सरळ खाली उतरला. मग दुसऱ्या बाजूला त्यांनी स्वतःच तोंड फिरवलं, तो पोचायच्या आधीच.

गरम टॉवेलने चेहरा पुसून झाला तेव्हा भाऊ रडत होता, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून पाणी टॉवेलवरच पडत होतं.

“इतके दिवस का नाही बसलात, बाबा?” त्याने विचारलं. “माझी भीती वाटली?”

“माझ्या गळ्याचं आता काय राहिलंय, वेड्या,” बाबा म्हणाले. “माझ्या मानेवर तुझ्या हातून कापलं असतं तर तू पुन्हा वस्तरा उचलला नसतास. त्याची भीती वाटली.”

नवऱ्याने उगाच एक फुगा फुगवायला घेतला आणि तसाच धरून बसला.

पूर्वी पोराचं काम तपासायचे तसा बाबांनी हात गालावरून उलटा फिरवला. जबड्याखाली बोट थांबलं. मग आरशातून त्यांनी लेकीकडे बघितलं, आणि तिचा शब्द उचलून म्हणाले, “इथे केसभर राहिलंय.”

भाऊ पुढे झाला. बाबांनी नाही म्हणून मान हलवली.

“तू थांब जरा. हात दमलाय तुझा.” टॉवेल गळ्याशी नीट करून ते पुन्हा मागे रेलले. “त्याच्याकडून वस्तरा घे, पोरी. तू घे एवढं.”

आणि तिने वस्तरा हातात घ्यायच्या आधीच त्यांनी हनुवटी वळवून ठेवली होती.